वरच्या वाडीची गिरणी आणि दोन रॉकेटे

पुण्यातल्या एका दैनिकात परदेश आणि विज्ञान यांचे पान लावण्याचे काम मी निवृत्त होईपर्यंत केले. पान लावणे म्हणजे वृत्तसंस्थांकडून इंग्रजीत आलेल्या मजकुरातून बातम्या निवडणे, त्या मराठीत आणणे, जागेत बसतील एवढ्या कापणे आणि वर मथळा देणे. हे खुर्चीतले काम आहे. ज्या रॉकेटांबद्दल वर्षानुवर्षे लिहिले, त्यांतले एकही मी समोर उडताना पाहिलेले नाही. जड ओझे वर चढताना पाहिले ते एकदाच, निवृत्तीनंतर, वेल्ह्याच्या डोंगरात. ते ओझे म्हणजे भात भरडायची गिरणी होती.

क्रमाने सांगायचे तर आधी रॉकेटे.

रॉकेटची मुख्य अडचण समजायला गणित लागत नाही. डोंगर चढणाऱ्याने शिदोरी बरोबर घ्यावी, शिदोरीच्या ओझ्याने भूक वाढावी, म्हणून आणखी शिदोरी घ्यावी, असा तो प्रकार आहे. उड्डाणाच्या वेळी रॉकेटचे बहुतेक वजन इंधनाचेच असते. उरलेल्या थोड्या वजनात टाक्या, इंजिने आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो माल. माणसांना चंद्रापर्यंत न्यायचे तर माल जड होतो आणि रॉकेट अजस्र होते.

अशी अजस्र रॉकेटे अमेरिकेत एकाच काळात दोन ठिकाणी उभी राहत होती. एक सरकारचे, एक खासगी कंपनीचे.

सरकारी रॉकेटमागचा विचार असा, की जे आधी उडून सिद्ध झाले आहे तेच वापरावे. जुन्या अवकाशविमानांची इंजिने काढून त्याच्या बुडाशी लावली. दोन बाजूंना घन इंधनाची दोन प्रचंड नळकांडी. ती एकदा पेटली की विझवता येत नाहीत. प्रत्येक भाग जमिनीवर तपासायचा, शंका आली की थांबायचे आणि पहिल्याच उड्डाणात सगळे नीट पार पाडायचे. दुसरे रॉकेट शेजारी तयार नसते. फुटले तर लोकप्रतिनिधी जाब विचारतात. उड्डाण संपले की रॉकेटचे बहुतेक भाग समुद्रात पडतात.

खासगी कंपनीने हे उलटे केले. समुद्रकिनाऱ्यावर, सुरुवातीला चक्क तंबूत, स्टीलचे पत्रे वेल्ड करून रॉकेट उभे केले. बुडाशी तीसहून अधिक लहान इंजिने, म्हणजे एखाददुसरे बंद पडले तरी काम चालावे. एक उडवायचे, फुटले तर कुठून फुटले ते पाहायचे आणि शेजारी अर्धे उभे असलेल्या दुसऱ्यात ती दुरुस्ती करायची. शिवाय ते परत आणायचे आणि पुन्हा उडवायचे.

वाचकाला हे सांगायला बातमीत जागा नसते. मथळ्यात चार-पाच शब्द बसतात. त्यातला एक 'रॉकेट'. उरलेल्या शब्दांत यश की अपयश हे ठरवून टाकावे लागते. खासगी रॉकेट पहिल्या उड्डाणात काही मिनिटांत फुटले, तेव्हा माझ्या पानावर 'महाकाय रॉकेट फुटले. मोहीम अपयशी' असा मथळा गेला. दुपारी फोन आला.

"ती रॉकेटची बातमी तुमी लिवली का?"

"हो."

"मी गफूर. भोरचा. नसरापूर फाट्यावर टेम्पोच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप हाय माझं. मी ते मोबाईलवर बगितलं. फुटल्यावर तितली मान्सं टाळ्या वाजवत व्हती. आन तुमी अपयशी कसं म्हनता?"

"रॉकेट फुटले, गफूरभाई."

"फुटनारच की. नव्या टेम्पोचा हौदा मी पयल्यांदा दगडं भरून खड्ड्यातनं काढतो. जितं तडकतो तितं पट्टी मारतो. तडकला न्हाई तर मला चैन पडत न्हाई. कुठं तडकनार हाय ते कळलंच न्हाई ना."

दुसरे वाचक त्याआधीपासूनचे. किकवीचे निगडेसाहेब, सरकारी बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. सरकारी रॉकेटचे उड्डाण गळतीमुळे पुन्हा पुढे गेले, तेव्हा मी 'चांद्ररॉकेट पुन्हा रखडले' असे लिहिले होते. त्यांचा फोन सकाळीच आला.

"रखडले नाही, संपादक. थांबवले. हायड्रोजन गळत होता, त्यांनी उड्डाण थांबवलं. रखडणं हा दोष आहे. थांबवणं हा निर्णय आहे."

मी संपादक कधीच नव्हतो. हे त्यांना अनेकदा सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले नाही.

खासगी रॉकेट फुटल्यावरही ते बोलले, पण रॉकेटबद्दल नाही. त्या उड्डाणाच्या आगीने खालचा काँक्रीटचा ओटा उखडून दूरवर फेकला होता. "एवढी आग खाली सोडणार, तर चर हवा, पाण्याची सोय हवी," ते म्हणाले. "थेट काँक्रीटवर सोडली. मी जन्मभर काँक्रीट टाकलं. त्या बिचाऱ्या काँक्रीटचा यात काय दोष?"

पुढे रॉकेटची बातमी आली की पान छपाईला सोडण्याआधी मीच दोघांना फोन करू लागलो आणि एकाचे म्हणणे दुसऱ्याला सांगू लागलो. बातमीदाराला पहिल्या दिवसापासून शिकवतात की दुसरी बाजू घ्यावी. मला दोन्ही बाजू एकाच तालुक्यात, पुणे–सातारा रस्त्यावर मिळाल्या होत्या. दोघेही सारखेच चिडले तर मथळा बरोबर आहे असे मी समजत असे.

खासगी रॉकेट फुटण्याच्या काही महिने आधीच सरकारी रॉकेट उडाले होते आणि पहिल्याच खेपेत त्याच्या टोकावरची, माणसांसाठीची कुपी चंद्राला फेरी मारून परतली होती. निगडेसाहेब त्या दिवशी फोनवर एकच वाक्य बोलले होते, "एका झटक्यात." गफूरभाईंचे म्हणणे नंतर कळले, ते वेगळे. "झालं, पन रॉकेट समुद्रात टाकलं ना? हौदा येकदा वापरून कुनी टाकतं का?" नंतर खासगी कंपनीच्या रॉकेटचा खालचा मोठा भाग परत आला आणि ज्या मनोऱ्यावरून उडाला त्याच मनोऱ्याने तो दोन लोखंडी हातांत अलगद झेलला. त्या दिवशी निगडेसाहेबांनी एवढेच विचारले, "ते पुन्हा दाखवतात का कुठे?"

या दोन माणसांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते. मी निवृत्त होऊन कामथडीच्या घरी राहायला आलो, तेव्हा हे प्रकरण संपले असे मला वाटले.

हौसाबाई आमच्याकडे दर वर्षी आंबेमोहोर तांदूळ घेऊन येतात. त्या वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वरच्या वाडीच्या. गाडी खालच्या गावापर्यंत जाते. तिथून पायवाट, आणि पायवाटेच्या शेवटी दोन-तीन मजली घराएवढा उभट कातळ. कातळात पावले खोदलेली आहेत. डोक्यावर ओझे घेऊन एक माणूस नीट चढतो. दोन माणसांना शेजारी-शेजारी चढता येत नाही. वाडीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या भात डोक्यावरून खाली नेतात, भरडून घेतात आणि तांदूळ, कोंडा पुन्हा डोक्यावरून वर आणतात.

नवरात्र संपल्यावर हौसाबाई आल्या त्या तांदूळ न घेता. त्यांच्या बचत गटाने भाताची गिरणी घेतली होती. बऱ्याच बायकांचा विरोध होता; हौसाबाईंनी घरोघरी जाऊन त्यांना राजी केले होते. टेम्पोने गिरणी खालच्या गावात आली. गड्यांनी बांबूला बांधून, खांद्यावरून ती कातळाच्या पायथ्याशी आणली आणि तिथे काम अडले.

"आता ती कातळाखाली ताडपत्री पांघरून बसलीय, नव्या नवरीगत," हौसाबाई म्हणाल्या. "बाया येता-जाता मला इचारत्यात, हौसाबाई, नवरी उंबऱ्यात कवा यायची? भात पिवळं पडाया लागलं, भाऊ. कापणी-झोडणीच्या आत ती वर न्हाई गेली तर पुन्यांदा डोस्क्यावरच वझं. आन मग गटात माजं कोन ऐकंल?"

"खोलून नाही नेता येत?"

"बाकीचं नेलं खोलून. मधलं धूड हाय ना, ते येकच बिडाचं हाय."

बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते वाकत नाही. पडले की फुटते.

"तुमी पेपरात व्हता," त्या म्हणाल्या. "वळखी आसतील. येकांदा जानता मानूस सांगा."

त्यांनी एक माणूस मागितला. मी दोघांना फोन केला. ही आमच्या धंद्यातली सवय. दुसरी बाजू घेतल्याशिवाय हात थांबत नाही. एका कामाला दोन बाजू दिल्या तर काय होते हे मला त्या आठवड्यात कळले.

दोघे कातळाच्या पायथ्याशी भेटले. निगडेसाहेब पांढरी टोपी आणि हातात टेप, गफूरभाई खिशात खडू. मी ओळख करून देण्याआधीच गफूरभाई म्हणाले, "थांबवलेवाले साहेब तुमीच का?"

"आणि तुम्ही टाळ्या वाजवणारे," निगडेसाहेब म्हणाले.

मग दोघांनी आपापली योजना सांगितली. निगडेसाहेबांना कातळाच्या माथ्यावर पाइपांची भक्कम तिपाई उभी करायची होती. तिला साखळीची कप्पी, आणि गिरणी सरळ वर. त्यासाठी माथ्यावरचा खडक तपासायचा, गिरणीच्या वजनाच्या चौपट भार पेलेल असे सामान आणायचे, प्रत्येक हूक पाहायचा. हे सगळे नीट करायला झोडणी उलटून जाईल, हे त्यांनीच सांगितले. "पण एकदाच चढेल आणि नक्की चढेल."

गफूरभाईंकडे जुन्या टेम्पोच्या सांगाड्यांतले लोखंडी पट्टे पडून होते. ते जोडून कातळाच्या तिरक्या अंगावर दोन रूळ टाकायचे, त्यावर चाकांची गाडी, गाडीला दोर आणि वरून माणसांनी ओढायचे. "परवा आनतो. चढली तर चढली. न्हाई चढली तर काय मोडलं ते बगू, तेरवा पुन्यांदा."

"आणि गिरणी?" निगडेसाहेबांनी विचारले. "ती मोडली तर तेरवा दुसरी आणणार?"

गफूरभाई यावर बोलणार होते, तेवढ्यात हौसाबाई मधे पडल्या. त्यांची अडचण दोघांच्याही लक्षात आली नव्हती.

"दोर वढायचा तर सारी वाडी लागंल. म्हंजी इर्जिक आली."

इर्जिक म्हणजे गावाने मिळून करायचे काम. ज्याचे काम तो सगळ्यांना बोलावतो, सगळे येतात, मजुरी कोणी घेत नाही आणि संध्याकाळी घरधन्याकडे सगळ्यांचे जेवण असते. लावणीला, घर शाकारायला, दगड हलवायला ही रीत अजून चालते.

"येका कामाला इर्जिक येकदाच मागत्यात," हौसाबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा मागितली तर लोकं येत्याल, पन हसत येत्याल."

रॉकेटच्या जगातला सगळा वाद त्या एका वाक्यात होता. सरकारी रॉकेट एकच असते आणि त्याला संधी एकदाच मिळते, म्हणून ते मोजूनमापून उडते. खासगी कंपनी वारंवार फोडते, कारण पुढचे शेजारी उभे असते. इथे गिरणी सरकारी रॉकेटसारखी एकच होती, घाई खासगी कंपनीसारखी होती आणि इर्जिकही एकच.

वाट हौसाबाईंनीच काढली. "तुमाला मोडायचं तेवढं मोडा," त्या गफूरभाईंना म्हणाल्या. "पन त्येला इर्जिक म्हनायचं न्हाई. आन आमच्या गिरनीला हात लावायचा न्हाई. दुसरं कायतरी चढवा." मग निगडेसाहेबांकडे वळून, "आन मोडायचं थांबलं की मग तुमी सांगायचं, साहेब. तुमी व्हय म्हनल्याबिगर नवरी हलनार न्हाई."

दोघांनाही हे फारसे आवडले नाही. माझ्या जुन्या कसोटीप्रमाणे मथळा बरोबर होता.

पहिल्या चाचणीला कोणालाही बोलावले नव्हते. अख्खी वाडी आली. खालच्या गावातूनही लोक आले. जेवण नाही हे सांगितलेले होते, तरी आले. काहीतरी मोडणार आहे ही बातमी पसरली होती आणि अशा बातमीला मथळा लागत नाही.

गिरणीच्या जागी निळे प्लास्टिकचे पिंप गाडीवर बांधले होते, पाण्याने काठोकाठ भरलेले. नुसते बघायला आलेल्यांनी दोर हातात घेतला. गाडी कुरकुरत चढू लागली. निम्म्याच्या वर गेली आणि एका चाकाचा जोड सुटला. गाडी आडवी झाली, पिंप निसटले, कातळावर एकदा आपटले, फुटले आणि उरलेसुरले पाणी उडवत ओढ्यात जाऊन बसले. खाली उभे असलेले सगळे ओलेचिंब झाले. निगडेसाहेबांच्या टोपीतून पाणी गळत होते.

मग टाळ्या ऐकू आल्या. गफूरभाई एकटेच टाळ्या वाजवत होते.

"काय झालं टाळ्या वाजवायला?" एक म्हातारा म्हणाला. "पिंप कुनाचं व्हतं?"

"माझंच," गफूरभाई म्हणाले. "म्हनून तर वाजवतोय."

मग सगळे हसू लागले आणि बराच वेळ हसत राहिले. हौसाबाई हसल्या नाहीत. त्या ताडपत्रीखालच्या गिरणीकडे बघत होत्या.

निगडेसाहेबांनी टोपी पिळली आणि ते मोडलेल्या गाडीपाशी गेले. सुटलेला जोड त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "वेल्डिंग बरोबर आहे," ते म्हणाले. "पण चाक बाहेरच्या बाजूला नको होतं. सगळा भार एका कडेवर येतो. आत घ्या."

गफूरभाई वाकले. "व्हय की. आत घेतलं तर चाक जरा लहान लागंल."

"लहानच लावा. रॉकेटलाही लहान इंजिनं जास्त लावली आहेत ना तुमच्या."

"माझ्या न्हाई, त्या कंपनीच्या," गफूरभाई म्हणाले, पण त्यांना बरे वाटलेले दिसले.

दुसऱ्या चाचणीत दगडांची पोती होती. चाके टिकली, रुळांचा एक सांधा सरकला. पोती गडगडत खाली गेली, कोणाला लागले नाही. बायका आता घरून शेंगा भाजून आणू लागल्या होत्या. पोरीबाळी कातळाच्या कडेला जागा धरून बसत. आज काय मोडणार यावर पैजा लागत. एक जण चाक म्हणे, दुसरा दोर, तिसरा गफूरभाई.

तिसऱ्या चाचणीत दगडांनी भरलेली गाडी सरळ माथ्यावर पोहोचली. लोकांनी आरोळी ठोकली. गफूरभाईंनी हात झटकले. "झालं. आता नवरीला हळद लावा."

"नाही," निगडेसाहेब म्हणाले. "आता दोर सोडा."

"कशाला?"

"चढताना सगळंच नीट वागतं. दोर तुटला तर गाडी काय करते ते मला बघायचंय."

रुळांच्या मधोमध लोखंडी दाते बसवायला त्यांनीच लावले होते. गाडीच्या पोटाला एक लोखंडी जीभ होती. गाडी वर जाताना ती दात्यांवरून टकटक करत सरकत जाई. गाडी मागे येऊ लागली तर दात्यात अडकायची. लोकांनी या टकटकीची आठवडाभर थट्टा केली होती. 'साहेबांचं घड्याळ' असे तिचे नाव पडले होते.

"चांगली चढलेली गाडी पाडायची?" गफूरभाईंना ते पटेना. "एवढी मेहनत केलेली."

"तुम्हीच म्हणता ना, तडकत नाही तोवर चैन पडत नाही?"

मला त्या वेळी एक जुनी बातमी आठवली. सरकारी रॉकेटच्या इंधनटाकीसारखी एक टाकी त्यांनी जमिनीवर ठेवून, दाब वाढवत वाढवत, मुद्दाम फोडली होती. म्हणजे फोडतात दोघेही. एक आकाशात फोडतो, एक अंगणात. ती बातमी मी छोट्या चौकटीत, पानाच्या तळाशी लावली होती. कातळावर भांडणारे हे दोघे आता एकमेकांची वाक्ये बोलत होते आणि दोघांच्याही ते लक्षात आले नव्हते.

दोर सोडला. गाडी वीतभर मागे आली, खटकन आवाज झाला आणि ती जागच्या जागी थांबली. दगडांच्या पोत्यातून थोडी माती सांडली, एवढेच. गफूरभाई खाली बसून ती जीभ निरखत राहिले. "आनखी येकदा सोडा," ते म्हणाले. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच सोडला.

निगडेसाहेबांनी हौसाबाईंकडे पाहून मान डोलावली.

इर्जिकीच्या दिवशी सकाळीच वाडीतली चूल पेटली होती. कोंबडीच्या रश्शाचा वास कातळापर्यंत येत होता. गिरणीला कुंकू लावून, गोणपाटात गुंडाळून गाडीवर आवळले. माथ्यावर दोराला माणसे लागली, बाया आणि गडी मिळून. हौसाबाई दोराला लागल्या नाहीत. त्या कातळाच्या टोकाशी, गिरणीकडे पाठ करून, पिवळ्या भाताकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"बगत का न्हाई, हौसाबाई?" कोणीतरी विचारले.

"टकटक ऐकू येतीय तवर बगायचं काय कारन?"

गाडी चढू लागली. टकटक एका तालात होती. निम्म्यावर गेल्यावर निगडेसाहेबांनी हात वर केला. "थांबा."

सगळे थांबले. टकटक थांबली. हौसाबाईंची मान किंचित वळली, पण त्यांनी पाहिले नाही.

"काय झालं?" गफूरभाई वरून म्हणाले.

"आवाज वेगळा आला."

ते कातळावरच्या पावलांवरून सावकाश गाडीपर्यंत गेले. चाके पाहिली, सांधे पाहिले, जीभ पाहिली, प्रत्येक गाठ ओढून पाहिली. दोर धरलेल्यांचे हात भरून आले. रस्सा आटत असल्याचा निरोप वाडीतून आला. गफूरभाई काहीतरी पुटपुटले, ते छापण्याजोगे नव्हते. निगडेसाहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सगळे पाहिले.

काहीही निघाले नाही.

"चला," ते म्हणाले. माफी मागितली नाही, कारणही सांगितले नाही. मला त्यांचा पहिला फोन आठवला. थांबवणे हा निर्णय आहे, आणि त्याचे कारण नंतर सापडलेच पाहिजे असे नाही.

टकटक पुन्हा सुरू झाली. गाडी माथ्यावर आली, शेवटचा धक्का बसला आणि बाया-गड्यांनी गिरणी हातोहात उचलून सपाटीवर ठेवली. तेव्हा हौसाबाई वळल्या. त्यांनी गोणपाट सोडले, बिडावरून हात फिरवला, खालून, वरून, कडेने. कुठेही चीर नव्हती. मग त्या गिरणीलाच म्हणाल्या, "लई भाव खाल्ला गं बाई तू." आणि पदराने डोळे पुसत हसल्या. वाडी त्यानंतर बराच वेळ कोणाचेच ऐकत नव्हती. कोणीतरी ढोल काढला. गफूरभाई नाचले. निगडेसाहेब नाचले नाहीत, पण त्यांची टोपी पुढे बराच वेळ गफूरभाईंच्या डोक्यावर होती.

जेवताना दोघे शेजारी बसले होते आणि भांडत होते. तिपाई केली असती तर थांबावेच लागले नसते, असे एकाचे म्हणणे. तिपाई केली असती तर आपण अजून खालीच असतो, असे दुसऱ्याचे.

जुन्या सवयीने मी हौसाबाईंना विचारले की बातमी द्यायची तर काय द्यावी. पुण्याच्या दैनिकात जिल्ह्याच्या पानासाठी मला अजून एखादा मजकूर देता येतो.

"लिवा, गिरनी वर आली," त्या म्हणाल्या. "कुनी आनली ते लिवू नका. दोगं भांडतील."

बातमी एका स्तंभात आली. मथळा: 'वरच्या वाडीत गिरणी पोहोचली'. मला वाटते, माझ्या सगळ्या नोकरीत इतका निर्दोष मथळा मी दिला नव्हता. यश, अपयश, दोन्ही शब्द त्यात नव्हते.

गिरणी झोडणीच्या आधी सुरू झाली. रूळ काढून नेण्याचा विषय निघाला, तेव्हा गफूरभाई म्हणाले की गिरणी कधीतरी दुरुस्तीला खाली आणावीच लागेल. एकदा वापरून टाकायला हे काय सरकारी रॉकेट आहे? रूळ तसेच राहिले. आता गाडीवरून गॅसच्या टाक्या वर जातात, तांदळाची पोती खाली येतात. खाली येताना जीभ एका दोरीने उचलून धरायची युक्ती निगडेसाहेबांनी काढली. हात सुटला तर ती आपोआप पडते आणि गाडी थांबते. हे काम आता बायकाच करतात.

बातमी छापून आली त्या सकाळी निगडेसाहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज जुन्या दिवसांसारखा होता.

"बातमी अपुरी आहे, संपादक. त्यात पिंप नाही."

"कोणते पिंप?"

"पहिलं. ते पडलं म्हणून चाक आत गेलं. चाक आत गेलं म्हणून गिरणी चढली. पिंपाशिवाय ही बातमी कशी होते?"

जागा नव्हती, असे मी सांगितले. फोन ठेवतो तोच गफूरभाईंचा आला.

"भाऊ, सगळं लिवलं, पन साहेबांची टकटक कुठं हाय? मान्सं बिनधास्त दोर वढत व्हती ती त्या टकटकीमुळं. आन मधी थांबवलं ते बी लिवायला पायजे व्हतं. काय निघालं न्हाई ते सोडा. थांबलो ना सगळी?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी एकमेकांची बाजू मांडली होती, आणि ती छापायला माझ्याकडे पान नव्हते.

हौसाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, लिहा, आता ते भांडत नाहीत. म्हणजे भांडतात, पण रोज. त्यांची अट एकच होती. नाव गिरणीचे आधी यावे, मग बाकीच्यांचे. ती पाळली आहे.

बातमीत काही राहून गेले की वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, लहान अक्षरांत, खुलासा छापते. हा तो खुलासा समजावा.